झोळीतला नमस्कार

आमचा मुलगा पाच महिन्यांचा झाला आणि आपणहून नमस्कार करायला लागला. ही बातमी मीच गल्लीभर सांगत फिरले होते, त्यामुळं पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर टाकायची मला सोय उरली नाही.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. आम्ही चिटगुप्प्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. मी मराठी शाळेत शिकवायची. यजमान हुमनाबादच्या कचेरीत कारकून. सकाळच्या बसनं जायचे आणि संध्याकाळच्या बसनं यायचे. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी पुन्हा शाळेत जाऊ लागले आणि बाळ दिवसभर घरमालकीण अक्कांकडे राहू लागलं. अक्कांच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी, आणि मधल्या अंगणात दोन्हीची खिचडी. माझ्या पोरावर त्यांचा इतका जीव होता की कधी कधी मला त्याचा रागच यायचा.

आमच्या भागात लेकरू मान धरायला लागलं की त्याला देवापुढं नमस्कार शिकवायचा सगळ्यांनाच नाद असतो. मांडीवर बसवायचं, त्याचे दोन्ही हात जवळ आणायचे, मानेमागं हळूच हात ठेवून डोकं खाली करायचं आणि म्हणायचं, जेजे कर. अक्का ‘कै मुगी’ म्हणायच्या, म्हणजे तेच, हात जोड. लेकराला त्यातलं काही कळत नसतं, पण मोठ्यांना फार बरं वाटतं. मीही रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर हे करत असे.

एका सकाळी तो झोपून उठला, मी त्याला मांडीवर घेतलं, आणि मी काही करायच्या आतच त्यानं मान खाली टाकली. दोन्ही हात झटक्यानं समोर आले, अंग कमरेत वाकलं, क्षणभर तसंच राहिलं आणि सैल पडलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मग पुन्हा. मी अक्कांना हाक मारली. त्या ओल्या हातानं धावत आल्या, बघितलं आणि दारातच खाली बसल्या. "देवाचं लेकरू हाय गं हे," त्या म्हणाल्या. "न सांगता हात जोडायलंय बघ."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शाळेत चौथीतल्या पोरांना रोज ओरडूनही प्रार्थनेला नीट हात जोडता येत नाहीत, आणि माझं पाच महिन्यांचं पोर न सांगता नमस्कार घालतं. मी त्या दिवशी शाळेत सांगितलं, बाजारात सांगितलं, पाण्याच्या नळावर सांगितलं. अक्कांनी उरलेल्या गल्लीला सांगितलं. बाळ झोपून उठलं की नमस्कार करतं हे कळल्यावर बायका त्याच्या उठायच्या वेळेला यायला लागल्या. कुणी त्याच्या पायापाशी फूल ठेवी. बांगड्या भरायला येणारे म्हातारे चाचा म्हणाले, बच्चा सलाम कर रहा, आणि त्यांनीही उलट सलाम केला. यजमानांनी कचेरीत सांगितलं असावं, कारण त्यांचे एक साहेब येता-जाता मुद्दाम वाट वाकडी करून बघून गेले.

दहा-बारा दिवस हा सोहळा चालला. त्या दिवसांत आणखी काही होत होतं, ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही, किंवा दिसलं आणि आम्ही त्याला चांगलं नाव दिलं. आधी तो माझं मंगळसूत्र धरून ओढायचा, ते ओढेनासा झाला. खुळखुळा वाजवला तरी मान वळवेना. धरलेली मान पुन्हा डुगडुगायला लागली. अक्का म्हणायच्या, किती शहाणं लेकरू, कशाचा हट्ट न्हाई. मलाही ते पटायचं. गप्प बसणारं मूल आवडावं ही आमच्या शिक्षकी पेशाची खोडच आहे.

मग रविवार आला. दुपारी मी अंगणात कपडे पिळत होते आणि बाळ आत झोळीत झोपलं होतं. झोळी हलली म्हणून मी खिडकीतून डोकावले. तो नुकताच जागा झाला होता, तोंड भिंतीकडे होतं, आणि त्या भिंतीला तो नमस्कार करत होता. घरात कुणी नव्हतं. देव दुसऱ्या खोलीत होते. मान खाली, हात समोर, अंग आकसलेलं, मग सैल, मग एक बारीक कण्हणं, मग पुन्हा मान खाली. मी आत गेले, त्याच्या तोंडापुढं तोंड नेलं आणि हाक मारली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर थांबत नव्हते.

मी त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. मूल खोडी करत असेल तर धरल्यावर थांबतं, हे मला शाळेनं शिकवलं होतं. मी धरलं तरी त्याचं अंग माझ्या हातांत वाकतच राहिलं. मी घातलेल्या मिठीच्या आत ते आपलं वाकत होतं, सुटत होतं, पुन्हा वाकत होतं. मी कवायतीला मोजते तसं मनात मोजायला लागले. एकूण चौदा वेळा. मग तो मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं पोहोचेपर्यंत तो गाढ झोपला होता. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, छाती तपासली आणि सांगितलं की पोटात मुरडा येतो म्हणून लेकरू अंग आवळतं. या वयात बऱ्याच मुलांना होतं. त्यांनी गुलाबी औषधाची बाटली दिली आणि पाच दिवस पाजा म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी वाटेत केळी घेतली आणि अक्कांच्या घरी वाटली.

औषध चालू होतं आणि आकडा वाढत होता. चौदाचे अठरा झाले, मग बावीस, मग एकतीस. रोज तीन-चार वेळा, नेहमी झोपेतून उठल्यावर. हे आकडे मी कुणाला सांगितले नाहीत. आकडी म्हटल्यावर मला माहीत होतं ते वेगळंच होतं. डोळे फिरवणारं, दात खाणारं, तोंडाला फेस आलेलं लेकरू मी लहानपणी माझ्या माहेरी, निंबर्ग्याला बघितलं होतं. हे तसं नव्हतं. हे इतकं शांत होतं, इतकं छोटं होतं, आणि गल्लीनं त्याच्यापुढं फुलं ठेवली होती. ते नमस्कार नसतील तर काय आहेत, हा प्रश्न मी तोंडातून काढला असता तर त्याचं उत्तरही ऐकावं लागलं असतं.

शेवटी यजमानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ बाळाकडे बघितलं आणि म्हणाले की शुक्रवारी उष्टावण आहे, माणसं बोलावलेली आहेत, मामा यायचा आहे, तेवढं होऊ दे. सोमवारी रजा टाकतो आणि गुलबर्ग्याला जाऊ. मी हो म्हटलं. ते भित्रे नव्हते, निष्काळजी तर मुळीच नव्हते. मीही नव्हते. तरी मी हो म्हटलं, आणि ते कागदावर लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

उष्टावणाला निंबर्ग्याहून माझा धाकटा भाऊ आला. तो शेती करतो. शिकला नाही, बोलतो कमी. मामानं पहिला खिरीचा घास भरवायचा म्हणून बाळाला झोपेतून उठवून त्याच्या मांडीवर दिलं. भावानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवली. घास तोंडापाशी न्यायच्या आतच बाळाची मान खाली गेली आणि कपाळ चांदीच्या वाटीवर आपटलं. खीर सांडली. बायकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं की आधी नमस्कार, मग घास, बघा संस्कार कसे असतात. पुन्हा मान गेली. पुन्हा. भावानं वाटी बाजूला ठेवली, एक हात बाळाच्या पाठीवर आणि एक पोटावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. गोठ्यातली गाई-वासरं तपासतानाही तो असाच बसतो. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे लेकरू करत न्हाई," तो म्हणाला. "ह्याला हे व्हायलंय."

मला रडू आलं नाही. उलट कुणीतरी माझ्या डोक्यावरचं ओझं धरल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग सगळं अंग गार पडलं. अक्का चिडल्या. शुभ कामात असं अभद्र बोलतात का, म्हणाल्या. पण मागून कुणीतरी आकडी म्हणालं, आणि तो शब्द एकदा बाहेर पडल्यावर सगळ्यांचे उपाय सुरू झाले. एकीनं नाकाशी चप्पल धरली. एकीनं कांदा फोडून आणला. शेजारची एक म्हातारी चुलीपाशी गेली आणि लोखंडी कडं तापवायला लागली. पोटावर चटका दिला की आकडी पळते, असा आमच्याकडे समज आहे. मी बाळाला हिसकावून घेतलं आणि दोन्ही तळवे त्याच्या पोटावर ठेवून कोपऱ्यात बसले. ती कडं घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. मी तिला काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. इतकं मात्र खरं की त्या गल्लीत माझ्या तोंडातून तसे शब्द आधी कुणी ऐकले नव्हते.

सोमवारची वाट न बघता आम्ही शनिवारी पहिल्या बसनं निघालो. हुमनाबादला बस बदलली. कमलापूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं आणि बस दर थोड्या वेळानं थांबत होती. प्रत्येक खड्ड्याला बाळाचं डोकं हललं की मला वाटायचं, हा झटका की हा खड्डा. यजमान खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत होते, बांधत होते.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात लहान मुलांचे डॉक्टर बसत त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, तोही अर्धा. बाहेर बाकावर आणि जमिनीवर बाया लेकरं घेऊन बसलेल्या. आमचा नंबर आला तेव्हा बाळ झोपलेलं. डॉक्टरांनी यजमानांना कानडीत विचारलं की झटके येतात म्हणजे नेमकं काय होतं. यजमान म्हणाले, मान हलवतो. डॉक्टरांनी बाळाची मान बघितली. म्हणाले की मान अजून नीट धरलेली नाही, कमजोर दिसतो, एक टॉनिक देतो, महिन्यानं दाखवा. ते कागदावर लिहायलाही लागले. बाहेरची गर्दी बघता त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. आम्हीच त्यांना चुकीचं सांगत होतो.

मी बाळाला यजमानांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि डॉक्टरांच्या टेबलापुढं जमिनीवर बसले. मान एकदम खाली टाकली. हात समोर फेकले. कमरेतून वाकले, आकसून राहिले, सैल पडले. कण्हले. डोळे उघडे ठेवले आणि कशाकडेही बघितलं नाही. दोन झटक्यांमधला वेळ तोंडानं मोजला, सहा, सात, आठ, आणि पुन्हा मान खाली टाकली. असं पाच वेळा केलं. पहिल्या वेळी यजमान लाजून म्हणाले, अगं काय हे. सहाव्या वेळी डॉक्टरांनी मला हात धरून उठवलं.

त्यांचं मराठी तोडकंमोडकं होतं, पण प्रश्न सरळ होते. झोपेतून उठल्यावर? हो. एकामागून एक? हो, काल एकतीस. किती दिवस? मी म्हटलं, वीस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हसला कधी शेवटचा?"

मला आठवेना. मी दिवस मागं मोजत गेले. उष्टावणाला नाही, त्या रविवारी नाही, फुलं ठेवायला बायका आल्या तेव्हा नाही. माझ्या मुलाचं हसणं थांबलं होतं आणि आई असून मला ते कधी थांबलं हे सांगता येत नव्हतं. त्या प्रश्नानं मला जेवढं लागलं तेवढं पुढच्या कुठल्याही बातमीनं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले की हेही झटकेच, मेंदूतले. दिसायला साधे, पण मोठ्या आकडीपेक्षा वाईट, कारण ते चालू असेपर्यंत मूल शिकलेलं विसरत जातं. जितक्या लवकर थांबतील तितकं बरं. पुस्तकातही या झटक्यांना सलामाचं नाव आहे, असं ते म्हणाले.

तेवढ्यात पडद्यापाशी एक बाई उभी राहिली. अंगावर जाड सुती लुगडं, कडेवर मुलगी. ती भालकी तालुक्यातल्या मेहकरची, बाळंतपणाला गुलबर्ग्याला माहेरी आलेली आणि लेकीला खोकला म्हणून दवाखान्यात आली होती. पडद्याच्या फटीतून तिनं मला जमिनीवर बघितलं होतं.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "माझी लेक बी तसंच करायलीय. परवापासनं."

डॉक्टर लगबगीनं उठले. दोन्ही बाळांना त्यांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मेंदूचा आलेख काढायचं यंत्र तिथं नव्हतं, त्यासाठी हैदराबादला जावं लागणार होतं. पण त्याची वाट न बघता त्यांनी मांडीतली इंजेक्शनं सुरू केली, रोज एक. आमच्या दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. इंजेक्शनांनी दोन्ही लेकरांची तोंडं सुजून टम्म झाली. ती सारखी भुकेली आणि सारखी चिडलेली असायची. रोज सकाळी ती जागी होऊ लागली की आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. तिची मुलगी चौथ्या दिवशी नुसती जागी झाली आणि आळस देऊन आईकडे बघायला लागली. मेहकरची बाई मला धरून रडली. मीही रडले, पण माझे डोळे माझ्या खाटेकडे होते. माझा मुलगा अकराव्या दिवशी तसा जागा झाला. आणि हसायला त्याला पुढं सव्वा महिना लागला. वॉर्डात झाडायला येणारा म्हातारा जोरात शिंकला, म्हणून तो हसला.

तो वाचला, चालला, आम्हाला ओळखू लागला. पण चालायला तीन वर्षं लागली आणि बोलायला पाच. प्रत्येक लेकराचं वेगळं असतं, वीस दिवसांमुळंच असं झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, असं डॉक्टर मला दरवेळी सांगायचे. मी मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा दिवस मोजायची.

मुलं सहा वर्षांची असताना मेहकरची बाई पत्ता विचारत चिटगुप्प्याला आली. मुलगी पहिलीत होती. येताना तिनं बाजारातल्या दुकानांच्या पाट्या वाचल्या होत्या, कानडी आणि मराठी दोन्ही, आणि त्या सगळ्या मला म्हणून दाखवल्या. माझा मुलगा भिंतीला टेकून तिच्याकडे कौतुकानं बघत होता. त्याला तेव्हा दोन शब्दांचं वाक्य जमायला लागलं होतं. बाई माझ्या पाया पडायला वाकली आणि मी पाय मागं घेतले. लाजेनं नव्हे. मला तिचा हेवा वाटत होता, इतका की तिनं लवकर निघून जावं असं वाटत होतं.

चहा पिताना ती सांगायला लागली. मेहकरात कुणाच्या घरी पाळणा हलला की ती जाते आणि त्या आईपुढं जमिनीवर बसून ते करून दाखवते. बारशात, हळदीकुंकवात, खुरपायला गेलेल्या बायांना बांधावर. बाया हसतात. नवरा म्हणतो, वेडी झालीस. सासू म्हणते, अपशकून करायलीस. "हसू द्या की," ती म्हणाली. "दोन लेकरं वेळेवर दवाखान्यात गेली. एक वाचून आलं, एकाचं काही नव्हतंच, नुसतं पोट दुखत होतं. बरंच झालं की."

मग तिनं कप खाली ठेवला आणि सहज विचारलं, "तुमी हितं दावता नव्हं बाई? तुमाला तर जास्त येतंय, शिकवायचंच काम तुमचं."

त्या दवाखान्याच्या जमिनीवरून उठल्यापासून मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. गल्लीत विचारलं तर ‘अशक्तपणा होता’ म्हणून सांगत होते. शाळेत तर विषयच काढत नव्हते. सहा वर्षांत त्या गल्लीत किती पाळणे हलले होते ते मला माहीत होतं, कारण प्रत्येक बारशाला मी गेले होते, कुंची दिली होती, घुगऱ्या खाल्ल्या होत्या आणि बाळाचं नाव कानात सांगून झालं की घरी आले होते.

पुढच्या पंधरवड्यात अक्कांच्या थोरल्या सुनेच्या मुलीचं बारसं होतं. खोली बायकांनी भरली होती. नाव ठेवून झाल्यावर मी अक्कांना म्हटलं, जरा जागा करा. पाळण्यापुढं बसले, पदर खोचला आणि मान खाली टाकली. कुणीतरी फिसकन हसलं. अक्का आधी काही कळत नसल्यासारख्या बघत राहिल्या. मग त्यांनी ओळखलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या. मला थांबावंसं वाटलं. त्यांची सून पाळण्याची दोरी सोडून पुढं आली आणि म्हणाली, मला नीट दिसलं नाही, परत दाखवा. मी परत दाखवलं.